घासलेटवरचा ट्रॅक्टर

आमच्या घरात एक वाक्य माझ्या जन्माच्या आधीपासून राहतं. "आबांनी ट्रॅक्टरला घासलेट पाजलं आन् दोन एकर घालवलं." वाटणीची बोलणी असोत, लग्नाचा खर्च असो, नाहीतर मी नवा फोन घेतलेला असो, कुणीतरी हे वाक्य काढतंच. बहुतेक वेळा नाना. नाना म्हणजे माझे थोरले चुलते, आबांचा पहिला मुलगा, वय पंचाहत्तर. आबा जाऊन तीस वर्षं झाली, त्यामुळे त्यांची बाजू मांडायला कुणी नाही.

ट्रॅक्टर मात्र अजून आहे. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या कालव्यावर आमचं गाव. तिथल्या जुन्या गोठ्यात तो उभा असतो. राखाडी रंगाचा, आजच्या ट्रॅक्टरांपुढे अगदीच ठेंगणा फर्ग्युसन. गेल्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा गोठ्यात पेट्रोलचा वास भरला होता. तीन वर्षं बंद होता, चुलतभावानं हौसेनं टाकीत पेट्रोल ओतलं, चालू काही झाला नाही, आणि इंजिनाच्या बाजूला खालून थेंब पडायला लागले. टप्, टप्. खाली शेणकुटाच्या भुश्यात ओला गोल. नाना म्हणाले, "भंगारवाल्याला फोन लाव. किलोवर देऊन टाक."

मी म्हटलं, चार दिवस द्या.

आता तुम्ही विचाराल, ट्रॅक्टरला पेट्रोल? बरोबर आहे. आज रस्त्यावर दिसणारा जवळपास प्रत्येक ट्रॅक्टर डिझेलचा, आणि डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो. तिथे पंप आणि नोझल. कार्बोरेटर हे पेट्रोल किंवा रॉकेलच्या इंजिनाचं अंग. इंधनाची बारीक फवार हवेत मिसळून इंजिनात पाठवायची, एवढंच त्याचं काम. घरात २०२० च्या आधीची साधी मोटरसायकल असेल तर तिला तो आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाकींतून तो गेला. माझी त्याच्याशी ओळख लुनावर झाली. लुना नगरचीच. १९७२ पासून कायनेटिकच्या नगरच्या कारखान्यात ती बनायची. आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा उघडलेली वस्तू म्हणजे लुनाचा कार्बोरेटर. बंद मात्र फार थोड्यांना करता आला.

पण हा फर्ग्युसन इथे आला कसा?

हॅरी फर्ग्युसन हा उत्तर आयर्लंडचा माणूस. नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढत न्यायचा नाही, तीन टेकूंवर जोडून हायड्रॉलिकनं उचलायचा, ही त्याची कल्पना. आज तुमच्या शिवारातल्या रोटाव्हेटरची थ्री-पॉइंट जोडणी म्हणजे तीच. १९४६ पासून इंग्लंडमधल्या कोव्हेन्ट्रीत, स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात, हा छोटा राखाडी ट्रॅक्टर बनायला लागला. नाव टीई-२०, म्हणजे 'ट्रॅक्टर, इंग्लंड'. १९५६ पर्यंत पाच लाखांहून जास्त निघाले. एव्हरेस्टवाला हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तो असलेच फर्ग्युसन बर्फावर हाकत.

आपल्याकडे तेव्हा ट्रॅक्टर बनतच नव्हते. १९५१ मध्ये अख्ख्या देशात सुमारे साडेआठ हजार, सगळे परदेशी. देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर, आयशर, बाहेर पडला १९५९ मध्ये फरिदाबादला. मद्रासची टॅफे १९६० ची, महिंद्राचा ट्रॅक्टर त्यानंतर. म्हणजे पन्नाशीच्या दशकात एखाद्याच्या दारात ट्रॅक्टर असणं ही किती अपूर्व गोष्ट असेल बघा.

ती आमच्याच भागात का घडली, याचं उत्तर पाण्यात आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं आणि प्रवरेचे कालवे बारमाही झाले. पाण्यामागे ऊस आला. आधी हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना, मग १९५० च्या अखेरीस लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना, आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेअर गोळा करत होते आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते, हे शाळेत सगळ्यांनाच शिकवतात. शाळेत जे सांगत नाहीत ते कर्जाचं. याच गाडगीळांचा समावेश असलेल्या समितीनं १९५१-५२ ची देशभरातली ग्रामीण पतपाहणी पाहिली, तर शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला ३.१ टक्के. सावकारांचा सत्तरच्या आसपास. साखरेचं सहकार उभं राहिलं होतं, पण गावच्या माणसाला पैसा लागला तर वाट अजून जुन्याच वाड्यावरून जात होती.

आबाही त्याच वाटेनं गेले. १९५८ मध्ये एका बागायतदाराकडून त्यांनी हा ट्रॅक्टर सेकंडहँड घेतला, व्याजाच्या पैशावर. चार वर्षांत इंजिन गेलं. दुरुस्ती आणि व्याज मिळून कालव्याखालची दोन एकर विकावी लागली. आज त्या दोन एकरांत दुसऱ्याचा ऊस उभा असतो आणि आमचा रस्ता त्याच्या बांधावरून जातो. म्हणून ते वाक्य घरात मरत नाही.

तर कार्बोरेटर. श्रीरामपुरात एक मिस्त्री आहेत, सत्तरीचे, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांचे वडील नगरच्या लष्करी वर्कशॉपात होते. नगर १९४८ पासून रणगाडा दलाच्या प्रशिक्षणाचं ठिकाण. तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय पाहिलं असेल तर त्यातला सेंच्युरियन आठवा. तोही पेट्रोलवर चालायचा, बारा सिलिंडरचा. चाचा म्हणतात, "अब्बा सांगायचे, रणगाडा असू दे नाहीतर फटफटी, गळला की आधी निडल बघ."

फोनवर मी त्यांना थेंबांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "सेकंदाला एक?" साधारण, मी म्हटलं. "मग हिशोब कर."

केला. एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब. सेकंदाला एक म्हणजे मिनिटाला तीन मिलि, तासाला १८० मिलि, रात्रीच्या दहा तासांत पावणेदोन लिटरच्या वर. टप् टप् आवाज ऐकून एवढं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले. पहिली गोष्ट त्यांनी केली ती टाकीखालचा कॉक बंद. मग मला खाली वाकून बघायला लावलं. या ट्रॅक्टरला पेट्रोलचा पंप नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, इंधन आपल्या वजनानं उतरतं. म्हणजे कॉक उघडा असेल तोवर टाकीतलं सगळं पेट्रोल एका बारीकशा सुईवर दाब देत उभं असतं. कार्बोरेटरच्या वाटीत पितळेचा पोकळ फ्लोट तरंगतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुई भोकात दाबून पेट्रोल बंद करतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीतला फ्लोटवाला कॉक, तसंच. सुई नीट बसली नाही किंवा फ्लोट बुडाला की वाटी भरून वाहणार. या इंजिनात हवा खालून वर जाते, त्यामुळे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरात न जाता खाली जमिनीवर पडतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोन नट सोडून कार्बोरेटर बाहेर आला. झेनिथ कंपनीचा, मुठीत मावेल एवढा. वाटी उघडली तर तळाशी पांढरट-हिरवट खरवड आणि पाण्याचे चार मणी. चाचांनी फ्लोट कानाशी धरून हलवला आणि माझ्या हातात दिला. आत काहीतरी डुचमळत होतं. तरंगायची वस्तूच आतून भरलेली.

गोठ्यापासून लांब, अंगणात, चूल विझवून आणलेल्या गरम पाण्याच्या पातेल्यात त्यांनी फ्लोट बुडवला. सांध्यावरून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. तिथे भोक. फ्लोटच्या दुसऱ्या बाजूला टाचणीएवढं आणखी एक भोक पाडून आतलं पेट्रोल काढलं, पुन्हा पुन्हा गरम पाण्यातून काढून आतली वाफही घालवली. "घाईत डाख मारायला गेला न् आत वाफ असली तर फ्लोट नाही, बाँब होतो," चाचा म्हणाले. मग पहिल्या भोकाला डाख. दुसरं भोक मात्र फ्लोट पूर्ण गार झाल्यावरच बुजवायचं. गरम असताना बुजवलं तर आतली हवा आकसून सांधा ओढते. आणि कथील कमीत कमी. जास्त लागलं की फ्लोट जड होतो, जड झाला की खाली बसतो, वाटीत पेट्रोलची पातळी चढते आणि गळती पुन्हा सुरू. डाख मारून झाल्यावर त्यांनी कानशीनं इतका वेळ कथील घासलं की मला वाटलं आता भोक पुन्हा दिसेल.

सुईच्या टोकावर झिजून गोल कडं पडलं होतं. नवी निडल आणि सीट त्यांनी पुण्याहून मागवून ठेवली होती. सीटखाली फायबरचा वायसर असतो, तो जाड-पातळ करून पातळी लावतात. जेट तारेनं टोकरायचे नाहीत, नुसती हवा मारायची. तार घातली की भोक मोठं होतं आणि मग ट्रॅक्टर जन्मभर जास्त पितो. पॅकिंग बाजारात मिळालं नाही. चाचांनी पॅकिंगचा कागद वाटीच्या तोंडावर ठेवला आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके मारत अचूक कापून काढला. शेवटी सगळं जोडून कार्बोरेटर उलटा धरला आणि नळीतून तोंडानं फुंकला. हवा गेली नाही. "बसली."

कार्बोरेटर पुन्हा चढवताना मला खालच्या बोल्टला गुंडाळलेली तार दिसली. गंजलेली, दुहेरी पिळलेली, खाली आकडा केलेला. कंपनीची नक्कीच नव्हे. कशाची असेल म्हणून नानांना हाक मारली. ते आले, बघितलं, आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

"डबी," ते म्हणाले. "हितं डबी लटकवलेली असायची. गळायचं ना तवाबी. दर थांब्याला आबा डबी काढून परत टाकीत ओतायचे."

म्हणजे गळती नवी नव्हती. साठ वर्षांपूर्वीही हाच थेंब पडत होता आणि आबा तो मोजत होते. मग मी कपाटातली आबांची वही काढली. मोडीत नाही, साध्या बाळबोध लिपीत आहे, पण अक्षर असं की मोडी परवडली. उधारी, खत, मजुरी आणि मधे मधे 'घासलेट १ डबा', 'घासलेट २ डबे'. पेट्रोल महिन्यातून एखाद्या वेळी, तेही गॅलनभर. म्हणजे घरातलं वाक्य अर्धं तरी खरं होतं. घासलेट पाजलं होतं.

पण ते चूक होतं का? चाचांनी स्टिअरिंगखालच्या पत्र्याच्या पट्टीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. नंबराच्या आधी अक्षरं होती टी, ई आणि एच. मी फोनवर शोधत बसलो. फर्ग्युसननं इंधनाप्रमाणे अक्षरं दिली होती. टीईए म्हणजे पेट्रोल. टीईडी म्हणजे ट्रॅक्टरसाठी इंग्लंडात मिळणारं खास बाष्पीभवन तेल. टीईएफ म्हणजे १९५१ चं डिझेल. आणि टीईएच म्हणजे दिव्याचं तेल. साधं, कंदिलातलं. जिथे शेतकऱ्याला कंदिलातलंच तेल मिळायचं त्यांच्यासाठी कॉम्प्रेशन कमी ठेवून १९५० पासून काढलेलं मॉडेल.

आबांनी घासलेट पाजलं कारण तो घासलेटचाच ट्रॅक्टर होता.

(घासलेट हा शब्दच बघा. इंग्रजी 'गॅसलाइट'चं आपण घासलेट केलं, 'रॉक ऑइल'चं रॉकेल. वस्तू दिव्यासाठी आली, म्हणून नावंही दिव्याच्या आणि दगडाच्या अंगानं आली. ट्रॅक्टर त्यात कुठेच नाही.)

मग इंजिन गेलं कसं? इथे घासलेटचा स्वभाव कळायला हवा. पेट्रोल थंडीतही उडतं, घासलेट उडत नाही, त्याला गरम लोखंड लागतं. म्हणून असल्या ट्रॅक्टरच्या टाकीला दोन कप्पे असतात. छोट्यातल्या पेट्रोलवर चालू करायचा, इंजिन तापलं की कॉक फिरवून घासलेटवर न्यायचा. बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचा, म्हणजे वाटीत पेट्रोल राहतं आणि पुढच्या वेळी तो चालू होतो. नांगरटीत इंजिनावर बोजा असतो, ते लालबुंद तापतं, घासलेट पूर्ण जळतं. पण बोज्याशिवाय नुसतं धकधकत ठेवलं तर इंजिन गार पडतं. अर्धवट जळलेलं घासलेट सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. ऑईल पाण्यासारखं पातळ होतं आणि बेअरिंगं खायला सुरुवात करतं. गळणाऱ्या थेंबाचा इथे संबंध नाही, तो बाहेर पडतो. इंजिन खाणारं घासलेट आतून, न दिसता जातं.

वहीत १९६१ च्या हिवाळ्यात 'इंजिन ऑईल' हा शब्द सारखा येतो. नांगरटीच्या दिवसांत मात्र एकदाही नाही.

मी नानांना विचारलं, त्या थंडीत ट्रॅक्टर काय करत होता?

"उसाची ट्रॉली," नाना म्हणाले. "मी वर बसायचो ना. धा-अकरा वर्षांचा आसंल." मग ते सांगत गेले, तारेकडे बघत. कारखान्याच्या गेटबाहेर रांग लागायची. बैलगाड्या शेकड्यानं, आणि त्यांच्यात हा एकटा ट्रॅक्टर. कधी रात्र, कधी दीड दिवस. रांग दहा हात पुढे सरकायची आणि थांबायची. बैल सोडून देता येतात, ट्रॅक्टर बंद केला तर पुन्हा चालू करायला पेट्रोल हवं, आणि पेट्रोलचा कप्पा रिकामा. म्हणून आबा बंदच करायचे नाहीत. रात्रभर धकधक धकधक, डिसेंबरच्या गारठ्यात. "मला इंजिनापाशी झोपवायचे. उबंला."

चाचा हात पुसत उभे होते. ते म्हणाले, "रात्रभर रिकामा चालवला? घासलेटवर?" आणि पुढे काही बोलले नाहीत. गरजच नव्हती.

नाना उठून बाहेर गेले. चहा आला तेव्हा परत आले.

असे ट्रॅक्टर पुढे संपले ते याच कारणांनी. डिझेलचं इंजिन एकाच इंधनावर चालू होतं, तेवढ्याच कामाला कमी तेल पितं, आणि डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त राहिलं. १९७३ च्या तेलाच्या भडक्यानंतर तर पेट्रोलवर शेत नांगरायचा विचारही कुणी केला नसता. आमच्याकडे नानांनी ऐंशीच्या दशकात डिझेलचा घेतला. हा गोठ्यात गेला.

पण चाचांना वाटीतल्या त्या पाण्याच्या मण्यांबद्दल काहीतरी दाखवायचं होतं. त्यांनी एका उभ्या बाटलीत टाकीतलं पेट्रोल घेतलं, वर थोडं पाणी टाकलं, रेघ मारली, हलवून ठेवलं. थोड्या वेळानं खाली बसलेलं पाणी रेघेच्या बरंच वर आलेलं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरलेलं. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, ट्रॅक्टर तीन वर्षं उभा राहिला की ते पाणी तळाशी बसतं, आणि अशी खरवड धरते. जुन्या बुचाच्या आणि रबराच्या पॅकिंगलाही ते मानवत नाही. "उभा करायचा तर वाटी रिकामी करून उभा कर," चाचा म्हणाले.

हे इथेनॉल उसातूनही येतं. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये ते मिसळायचे पहिले प्रयोग झाले त्यातले दोन महाराष्ट्रात होते, मिरजेला आणि आमच्यापासून रेल्वेनं जवळच असलेल्या मनमाडला. आज नगर जिल्ह्यातले, म्हणजे आता अहिल्यानगरचे, कितीतरी साखर कारखाने ते गाळतात. ज्या उसाच्या रांगेत हे इंजिन खलास झालं, त्याच उसाचं पाणी आता त्याच्या कार्बोरेटरात साचलं होतं. नानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजी अजून पिच्छा सोडला न्हाई."

टाकी धुतली, नवं पेट्रोल घातलं. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन खोकलं, निळा धूर सोडला आणि धरलं. गोठ्यातल्या चिमण्या उडाल्या. चुलतभावानं व्हिडिओ काढला. नाना सीटवर चढले, गिअर न टाकता, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पाच-सात मिनिटं बसून राहिले, आणि मग स्वतःच म्हणाले, "बंद कर. रिकामा नको चालवू."

रात्री कॉक मुद्दाम उघडा ठेवून मी कार्बोरेटरखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी जाऊन पाहिलं तर कागद कोरडा. मागच्या चाकापाशी मात्र एक काळा डाग होता. नाना माझ्या आधीच तिथे उकिडवे बसले होते. बोट बुडवून, वास घेऊन म्हणाले, "हे ऑईल हाय. मागचं सील. चाचाला फोन लाव."

भंगारवाल्याचा विषय त्यांनी काढला नाही.